चिठ्ठीचं काय झालं?

डिसेंबरचा दुसरा आठवडा लागला की इंदूरच्या सिग्नलांवर लाल टोप्या दिसायला लागतात. पलासिया, गीता भवन, विजय नगर, कुठेही गाडी थांबवा, काचेपाशी एक मूल येतंच. एका हातावर टोप्यांची चळत, दुसऱ्या हातात प्लास्टिकची थैली, त्यात सांताच्या कापसाच्या दाढ्या. गीता भवनपाशी असाच एक दहा-अकरा वर्षांचा मुलगा भेटला. गारठा चांगलाच होता आणि त्याचं डोकं उघडं होतं. मी विचारलं, एवढ्या टोप्या आहेत, त्यातली एक तू का घालत नाहीस? म्हणाला, "तेल लग जाता है, फिर बिकती नहीं." तेवढ्यात सिग्नल सुटला.

त्याला स्वतःला नाताळात काय हवं आहे, हे मी विचारलं नाही. ते विचारायचं असतं हे तोवर मला कळून चुकलं होतं, तरीही राहिलं. हा लेख त्या विचारण्याबद्दल आहे, आणि विचारल्यावर आपल्यावर जी जबाबदारी येते तिच्याबद्दल.

आमचं एक छोटंसं भगिनी मंडळ आहे. सुदामा नगर, लोकमान्य नगर, राजेंद्र नगर या भागांतल्या आम्ही तीसेक जणी. संक्रांतीचं हळदीकुंकू, चैत्रगौर, कोजागरी असं सगळं चालतं, आणि गेली नऊ वर्षं २५ डिसेंबरला नाल्याकाठच्या एका वस्तीत मुलांना वाटप. नाताळच का, याचं खरं उत्तर साधं आहे. त्या दिवशी सुट्टी असते, नातवंडं घरी असतात, त्यांनाही द्यायची सवय लागावी असं आम्हाला वाटतं. आमच्या आधी सकाळी एका कंपनीची माणसं येऊन गेलेली असतात, दुपारी कॉलेजची मुलं येतात. थंडी असते म्हणून सगळे ब्लँकेटं आणतात. एका खोलीत मी एका डिसेंबरात पाच ब्लँकेटं मोजली आहेत. जूनमध्ये शाळा उघडते, वह्या लागतात, दप्तराची चेन तुटलेली असते, तेव्हा त्या गल्लीत कोणी फिरकत नाही. आम्हीही फिरकत नव्हतो.

तीन वर्षांपूर्वी मीच सुचवलं की यंदा आधी मुलांना विचारू या. मी सरकारी शाळेत तीस वर्षं शिकवलं आहे. तोंडी विचारलं तर मुलं समोरच्याला आवडेल ते सांगतात, हातात कागद दिला तर बऱ्याचदा मनातलं लिहितात. नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी वस्तीत गेले, एका घराच्या ओट्यावर बसले, वहीच्या पानांचे चार-चार तुकडे करून वाटले आणि सांगितलं, क्रिसमसला तुम्हाला काय हवंय ते लिहा. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांचं मी लिहून घेतलं. ३८ चिठ्ठ्या जमल्या. घरी येऊन जेवणाच्या टेबलावर पसरल्या आणि बराच वेळ तशीच बसून राहिले.

चॉकलेट, बॅट, रिमोटची गाडी हे होतंच. ते असणारच, ती मुलं आहेत. पण एका मुलीनं लिहिलं होतं, 'स्कूल के बाथरूम में कुंडी'. म्हणजे दाराला कडी. ती सातवीत होती. दुसरीनं लिहिलं, 'मेरा नाम समग्र में जुड़ जाए'. बाहेरच्यांना हे कळायचं नाही. मध्य प्रदेशात प्रत्येक कुटुंबाचा आणि माणसाचा समग्र क्रमांक असतो, आणि तो नसेल तर शिष्यवृत्तीपासून गणवेशाच्या पैशांपर्यंत सगळं अडतं. अकरा वर्षांच्या मुलीला तो शब्द बरोबर लिहिता येत होता, कारण घरात तो रोज ऐकू येत होता. एका मुलाला कुलूप हवं होतं, 'छोटा ताला, दो चाबीवाला', कारण धाकटा भाऊ त्याच्या वह्या फाडायचा आणि पत्र्याच्या पेटीला कडीकोयंडा असूनही कुलूप नव्हतं. एकीला केक हवा होता, पण अख्खा, आणि त्यावर तिचं नाव. वाटपाला केक दरवर्षी असतो, पण तिच्यापर्यंत तो नेहमी कागदी डिशमधला चौकोनी तुकडा होऊनच पोहोचला होता.

एकाचे वडील रात्री सराफ्यात एका ठेल्यावर भांडी घासतात. इंदूरच्या माणसाला सराफा सांगायला नको. दिवसा सोन्याचांदीची दुकानं, ती बंद झाली की त्यांच्याच पायऱ्यांपुढे भुट्ट्याचा कीस, गराडू, मालपुवे. त्या मुलानं लिहिलं होतं, 'सराफे में खाना है, पापा के साथ, पापा काम न करें'.

आणि एका मुलीनं लिहिलं होतं, 'जूते. दुकान में जाके. खुद.' खुद या शब्दाखाली तिनं रेघ मारली होती.

चिठ्ठ्या घेऊन मी मंडळाच्या बैठकीला गेले, तर रानीपुऱ्यातल्या घाऊक दुकानात चाळीस डबे आधीच सांगून झाले होते. स्टीलचे, तीन कप्प्यांचे. वाईट नव्हते. ज्या मैत्रिणीनं धावपळ करून भाव पाडून घेतला होता तिला दुखवायचं माझ्या जिवावर आलं, आणि मी चिठ्ठ्या पर्समध्येच ठेवल्या. २५ तारखेला डबे वाटले, गाणं झालं, केक कापला, फोटो झाला. निघताना बुटांच्या चिठ्ठीवाली मुलगी जवळ आली. "मॅडम, वो चिट्ठी का क्या हुआ?" मी म्हटलं, "देखती हूँ." तिनं मान डोलावली. खिडकीवरच्या बाबूनं 'कल आना' म्हटल्यावर मोठी माणसं डोलावतात, अगदी तशी. इतक्या लहान वयात ती मान डोलावणं तिला यायला नको होतं, आणि मी त्यात भर घातली होती.

चूक काय झाली हे मला त्या रात्री मराठीतल्याच एका शब्दानं समजावलं. 'देणं' या शब्दाला आपल्याकडे दोन अर्थ आहेत. एक देणगीचं देणं, आपण खुशीनं देतो ते. दुसरं फेडायचं देणं, जे आपण कुणाचं तरी लागतो. मी ३८ चिठ्ठ्यांचे दोन गठ्ठे केले. बाथरूमची कडी कुठल्या गठ्ठ्यात? बालशिक्षणाच्या हक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. शाळेत मुलींसाठी वेगळं स्वच्छतागृह हवं, पिण्याचं पाणी हवं, हे त्याच्या परिशिष्टातच लिहिलं आहे. वयाचा दाखला नाही म्हणून मुलाला प्रवेश नाकारता येणार नाही, हेही त्या कायद्यात आहे. म्हणजे ती मुलगी सांताकडे कडी मागत होती ती आपण तिचं लागत असलेली कडी होती. समग्रमधलं नाव, कडी, एका मुलाच्या बापाची अडकून पडलेली मजुरी (त्याचं पुढे सांगते), हे सगळं फेडायच्या देण्याच्या गठ्ठ्यात गेलं. मोजल्या तेव्हा त्या १४ निघाल्या. नाताळची भेट म्हणून मुलं स्वतःचंच येणं मागत होती, आणि आपल्याला त्याबदल्यात डबा देऊन मोकळं व्हायचं होतं.

या शहराला हा फरक माहीत असायला हवा. हुकुमचंद मिल १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला बंद पडली आणि हजारो कामगारांची देणी अडकली. कोर्टकचेऱ्यांत तीस वर्षांहून जास्त काळ गेला. शेवटी सुमारे २२४ कोटी रुपयांचा धनादेश जाहीर कार्यक्रमात सुपूर्द झाला, तो दिवस होता २५ डिसेंबर २०२३. कितीतरी कामगार वाट बघतच गेले. मिल बंद पडली तेव्हा ज्यांच्या फीसाठी, दप्तरासाठी ते पैसे हवे होते, ती मुलं तोवर स्वतः आईबाप झाली होती. तो धनादेश म्हणजे कामगारांच्या घामाचे पैसे होते, उपकार नव्हता. पण टाळ्या, मंच, हार यांच्यामध्ये तीस वर्षांचं देणंसुद्धा देणगीसारखं दिसायला लागतं. वस्तीतल्या वाटपात लहान प्रमाणावर हेच होतं. आणि देणगीसारखं मिळालं की मागणाऱ्याला वेळेचा हिशेब विचारता येत नाही.

मंडळात मी हे मांडलं तेव्हा वडीलधाऱ्या एका काकू म्हणाल्या, धर्माच्या गायीचे दात मोजू नयेत. मला काकूंबद्दल आदर आहे, त्यांनी या वस्तीत माझ्याहून जास्त वर्षं पायपीट केली आहे. पण ती म्हण घेणाऱ्याला उद्देशून आहे. देणाऱ्यानं गाय भाकड आहे का हे बघूनच द्यायची असते. दुसरी शंका आली ती मोबाइलची. विचारायला गेलं तर सगळी मोबाइल मागतील. ३८ पैकी चौघांनी मागितला. त्यातल्या एकीनं कारण लिहिलं होतं, शाळेचा अभ्यास ग्रुपवर येतो आणि घरातला एकच फोन बाबांबरोबर कामावर जातो. तिसरी शंका पैशांची, आणि ती खरी आहे. घाऊक घेतलं तर स्वस्त पडतं, प्रत्येकासाठी वेगळं घ्यायचं तर वेळही जातो आणि चपलाही झिजतात. माझं म्हणणं इतकंच की मग चाळीस मुलांऐवजी वीस मुलांचं करू या, पण नीट करू या. यावर आमच्यात अजून एकमत नाही. चाळीसातल्या उरलेल्या वीस मुलांनी काय करायचं, या प्रश्नाला माझ्याकडे समाधानकारक उत्तर नाही, आणि तो प्रश्न विचारणारी मैत्रीण चुकीची नाही.

फोटोच्या बाबतीत मात्र मला मधला मार्ग दिसत नाही. वाटपाचा फोटो काढताना मुलाला डबा छातीशी धरून हसायला सांगतात, मला स्वतःला मी तसं सांगताना आठवतं. बालन्याय कायदा २०१५ च्या कलम ७४ नुसार, काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख पटेल असं नाव, पत्ता, शाळा किंवा चित्र प्रसिद्ध करणं गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. रस्त्यावर राहणारी, भीक मागताना सापडणारी मुलं याच व्याख्येत येतात. वस्तीत आईबापांजवळ राहणारं मूल कायद्याच्या त्या शब्दांत बसो न बसो, उद्या शाळेत कुणीतरी मोबाइलवर तो फोटो त्याला दाखवतं, तेव्हा त्याला जे वाटतं ते सारखंच असतं. भीक नको पण कुत्रं आवर, असं त्याला म्हणता येत नाही म्हणून आपण ते समजून घ्यायचं. आमच्या मंडळानं फोटो बंद केले. पहिल्या वर्षी वर्गणी थोडी कमी जमली, हेही सांगते.

सिग्नलवरच्या मुलांचं अजून अवघड आहे. इंदूर भिकारीमुक्त करायचं ठरलं आणि १ जानेवारी २०२५ पासून भीक देणाऱ्यावरही गुन्हा नोंदवायचं प्रशासनानं जाहीर केलं. मुलांच्या हातात नाणी टाकल्यानं त्यांचं भलं होत नाही, हे मला पटतं. भीक मागायला लावणारे मोठे लोक पाठीमागे असतात हेही खरं. पण टोप्या विकणारं मूल आणि हात पसरणारं मूल, दोघंही मुलांना उचलणारी गाडी आली की एकाच गल्लीत पळतात. सिग्नल रिकामा झाला म्हणजे मूल शाळेत पोहोचलं असं होत नाही. तो उघड्या डोक्याचा मुलगा मला जानेवारीत तिथे दिसला नाही. तो कुठे गेला, हे शहरानं मला सांगायला हवं. सलग इतकी वर्षं स्वच्छतेत देशात पहिलं येणारं शहर आहे हे. ओला कचरा कुठे जातो, सुका कुठे जातो, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. मग रस्त्यावरून उचललेलं मूल कुठे गेलं, कुठल्या शाळेत बसलं, सहा महिन्यांनी तिथेच आहे का, हेही तितक्याच काटेकोरपणे विचारता आणि सांगता यायला हवं.

आणि हे सगळं नाताळातच का, दिवाळीत का नाही, हा प्रश्न हल्ली आणखी एका अर्थानं विचारला जातो. आपल्याकडचं वातावरण मला ठाऊक आहे. २०२१ च्या राज्याच्या धर्मस्वातंत्र्य कायद्यात धर्मांतराच्या आमिषाच्या व्याख्येत भेटवस्तूसुद्धा येते, त्यामुळे चर्चमधली ओळखीची माणसं वाटप करताना दहा वेळा विचार करतात. डिसेंबर २०२३ मध्ये जवळच्या शाजापूर जिल्ह्यात, पालकांच्या लेखी परवानगीशिवाय मुलांना सांता वगैरे बनवू नये, असं पत्रक शाळांना निघालं. पालकांना विचारावं, यात गैर काही नाही. मात्र या सगळ्या वादात मुलांना काय वाटतं, हे कुणी विचारल्याचं माझ्या वाचनात आलं नाही. मुलाच्या जीवनाशी संबंधित बाबतींत त्याचं मत ऐकून घेतलं जावं, हे संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारात कलम १२ मध्ये आहे, आणि भारत त्या करारात १९९२ पासून आहे.

इंदूरच्या मराठी घरांना नाताळ परका वाटायचं काही कारण नाही. इथल्या कॅनेडियन मिशनऱ्यांनी १८८७ मध्ये सुरू केलेल्या ख्रिश्चन कॉलेजात आपल्या किती पिढ्या शिकल्या. आणि ज्या मुलांचा तो घरचाच सण आहे, त्यांना आपण बघतच नाही. झाबुआ, अलीराजपूरकडून भिल्ल कुटुंबं इमारतींच्या कामाला इंदुरात येतात, त्यांतली काही ख्रिस्ती असतात. त्या वस्तीच्या टोकाला अशी तीन बिऱ्हाडं होती. त्यांच्यातल्या नऊ वर्षांच्या मुलाची चिठ्ठी मी लिहून घेतली. तो म्हणाला, "गाँव जाना है." मी म्हटलं, आणखी काय? त्याला दुसरं काही नको होतं. गंगवाल बसस्टँडवरून झाबुआची बस मिळते, अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास. इंदूर-दाहोद रेल्वेची पायाभरणी २००८ मध्ये झाली, ती गाडी काही त्याच्या कामाला आली नाही. पण अडचण गाडीची नव्हतीच. ठेकेदारानं दोन महिन्यांची मजुरी अडवून ठेवली होती, कारण सुटीला गेलेली माणसं परत येत नाहीत असा त्याचा अनुभव. हातात मजुरी नाही म्हणून आईबाप हलू शकत नव्हते आणि मूल नाताळच्या दिवशी विटांच्या ढिगावर बसून आमच्या केकची वाट बघत होतं. त्याला आम्ही डबा दिला.

गेल्या दोन वर्षांत आम्ही काही गोष्टी बदलल्या. फेडायच्या देण्याच्या गठ्ठ्यातल्या चिठ्ठ्या मंडळातल्या दोघीजणी घेऊन फिरतात. समग्रमध्ये त्या मुलीचं नाव चढायला सात फेऱ्या लागल्या. दर वेळी एक नवीन कागद. सातव्या फेरीला तिची आई रोजंदारी बुडवून आमच्याबरोबर आली होती आणि खिडकीवर आमच्याआधी तीच बोलली. शाळेच्या बाथरूमची कडी मुख्याध्यापकांना अर्ज देऊन बसली, मग निघाली, मग पुन्हा बसली. ठेकेदाराकडे आम्ही सगळ्याजणी मिळून गेलो. त्यानं अर्धी मजुरी दिली. बाकीच्या अर्ध्यासाठी काय करायचं ते आम्हाला अजून जमलेलं नाही.

देणगीच्या गठ्ठ्यासाठी मला भाऊबीज आठवली. कर्व्यांच्या हिंगण्याच्या संस्थेनं निधीला भाऊबीज हे नाव दिलं, त्यात केवढा विचार आहे. भाऊबिजेला बहीण आधी ओवाळते, पाट मांडते, फराळाचं ताट पुढे करते, आणि मग ताटात ओवाळणी पडते. ती घेताना तिची मान खाली जात नाही, उलट कमी पडलं तर ती भांडते. आम्ही नाताळचं वाटप बंद करून मुलांकडेच जेवायला जायचं ठरवलं. पहिल्या वर्षी तीन घरी गेलो. मक्याची भाकरी, लसणाची चटणी, एका घरी साबुदाण्याची खिचडी, कारण आम्ही मराठी म्हणून. आमच्यातल्या एकीला तिथलं पाणी प्यायचा धीर झाला नाही, तिनं बाटली काढली, आणि नंतर रडली.

बुटांची चिठ्ठी लिहिणाऱ्या मुलीला मी शेवटी दुकानात घेऊन गेले, दीड वर्ष उशिरा, जूनमध्ये. तोवर तिचं माप बदललं होतं. रिक्षात ती गप्प होती. दुकानदारानं मला स्टूल दिलं आणि मलाच विचारलं, कशा प्रकारचे दाखवू? मी तिच्याकडे बोट केलं. तिनं काळे शाळेचे बूट घातले, चालून पाहिले, आरशाकडे न जाता दारापर्यंत गेली आणि परत आली. पुढे बोट दाबून किती जागा राहते ते पाहिलं, एक माप मोठं मागितलं. मग निळ्या पट्ट्यांचे खेळाचे बूट घातले. मग परत काळे. दुकानात उकडत होतं, बाहेर पावसाचं झालं होतं, पंखा तिकडे फिरत होता. तिसरा जोड काढून झाल्यावर दुकानदार म्हणाला, "और दिखाऊँ क्या, बेटा?"

तिनं माझ्याकडे बघितलं नाही. म्हणाली, "दिखाओ."